एकोणीस नंबरच्या टेबलावरचं पाणी

आर्लीन वोस्कुइलला वाळवंटाची भीती वाटायची, आणि हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुठल्या तोंडानं? राष्ट्रीय उद्यानातल्या चव्वेचाळीस जागांच्या तंबूतळाची ती यजमान होती. ऑक्टोबरपासून एप्रिल संपेपर्यंत फाटकाजवळच्या पहिल्या जागेत तिचं चाकांवरचं घर उभं असे. जागा, वीज, पाणी फुकट. त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ फेरी मारायची, संडासात कागद आहे का बघायचं आणि गिटारवाल्यांना वेळेत गप्प करायचं. नेहमीचे लोक तिला महापौर म्हणत.

नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं पोरांना वाढलं होतं. फिरत्या घराची हौस नवऱ्याची, वेंडलची. त्यानं ते घेतलं, एक हिवाळा हौसेनं हिंडला आणि दुसऱ्या वर्षी गेला बिचारा. गावातलं घर त्याच्या आजारपणात विकलं गेलं. उरलं हे चाकांवरचं, आणि ते उभं करायला ही जागा. बुटात पाय घालण्याआधी ती ते तीनदा आपटून बघे. कोरड्या ओढ्याची पायवाट सुरू होते तिथल्या पाटीपुढे ती सहा वर्षांत एकदाही गेली नव्हती. विंचू-सापांचं एक वेळ ठीक होतं. पण पाटीपलीकडे हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही, या विचारानंच तिचे पाय जड व्हायचे.

हार्लन पेकला मात्र तेच आवडायचं. हा शहात्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन दर एप्रिलमध्ये हिरवा ट्रक घेऊन एकटाच यायचा आणि एकोणीस नंबरची जागाच मागायचा. "काय महापौरबाई, यंदा निवडणूक आहे की पुन्हा बिनविरोध?" हे त्याचं दरवर्षीचं ठरलेलं. विनोद शिळा होता, तरी आर्लीन त्याची वाट बघायची.

बुधवारी सकाळी दहाला ती फेरीवर निघाली. एकोणीसमध्ये ना तंबू होता, ना ट्रक. टेबलावर पाण्याचे दोन भरलेले कॅन आणि लाकडांची एक मोळी तेवढी होती. इथली रीतच आहे, निघणारा माणूस उरलेलं पाणी आणि लाकूड पुढच्यासाठी टेबलावर ठेवून जातो. मंगळवारपासून वारा पिसाटला होता, म्हातारा कंटाळून गेला असणार. न भेटता गेला म्हणून ती जरा फुरंगटली. त्या तिरीमिरीत तिनं जागा कधीपर्यंत घेतली आहे ते लिहून खांबाला अडकवलेली त्याची चिठ्ठी काढली, तारीख न बघता चुरगळून पिशवीत टाकली, कॅन आपल्या दारात नेऊन ठेवले, यादीत "गेले" असं लिहिलं आणि दुपारी ती जागा युटाच्या एका कुटुंबाला दिली.

आता, इथली दुसरीही एक रीत आहे. वारा सुटला की जुनी माणसं दिवसभरासाठी बाहेर पडताना तंबू उतरवून गाडीत टाकतात, आणि जागा आपली आहे हे कळावं म्हणून टेबलावर काहीतरी जड ठेवून जातात. आर्लीनला दोन्ही रीती पाठ होत्या. त्या सकाळी तिला एकच आठवली.

गुरुवारी अकरा वाजता त्या युटाच्या कुटुंबातली मार्लिस दारात आली. "अहो, खडीचा रस्ता संपून ओढ्याची पायवाट लागते ना, तिथे एक हिरवा ट्रक आहे. मागे तंबू गुंडाळून ठेवलाय. काल दुपारीही तिथेच होता, आजही तसाच. काचेवर धूळ बसलीय."

आर्लीननं कचऱ्याची पिशवी अंगणात उपडी केली. अंड्यांची टरफलं आणि कॉफीचा चोथा बाजूला सारत चिठ्ठी शोधली. पेक, एकोणीस, शनिवारपर्यंत.

तिनं वॉकीटॉकीवरून ट्रकचं कळवलं; पलीकडे उद्यानाचा रेंजर डेल्बर्ट नेझ होता. "पेक? ते तर काल गेले, तुमच्याच यादीत आहे. मग दोन दिवसांच्या पायवाटेला लागले असतील. मुरलेला माणूस आहे, येतील उद्या. माझी माणसं दक्षिणेला अडकलीत. संध्याकाळी नजर टाकतो, चालेल?"

"चालेल" एवढं म्हटलं की काम भागत होतं. संध्याकाळी शोध लागलाच असता, आणि चिठ्ठीचं कोणी विचारलं नसतं. खरं सांगितलं तर ही जागा जाणार, आणि मग ते घर ओढून न्यायचं कुठे, हे तिला ठाऊक नव्हतं. सावलीतसुद्धा पारा शंभर फॅरनहाइटवर गेला होता, आणि दारात ते दोन कॅन काठोकाठ भरलेले होते.

"डेल्बर्ट, ते गेले नव्हते. चिठ्ठी शनिवारपर्यंतची होती, मी न बघता काढली. दिवसभरासाठीच गेलेत ते. त्यांचं पाणी माझ्याकडे आहे."

डेल्बर्टनं विचारलं, "किती?"

"दोन्ही कॅन."

"हेलिकॉप्टर मागवतो. तुम्ही तिथेच थांबा, वॉकीटॉकीपासून हलू नका."

थांबणं हीच शिक्षा होती. बारा वाजले, एक वाजला. तिनं पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मार्लिसनं आणून दिलेलं सँडविच तसंच राहिलं. पाण्याचा पेला ओठाला लावला आणि लाज वाटून खाली ठेवला. दर वेळी खरखर झाली की आता "सापडले, पण..." असं ऐकू येणार, या धास्तीनं ती डोळे मिटून घ्यायची. आपण एक माणूस मारला, हे वाक्य तिच्या डोक्यातून हलत नव्हतं.

साडेतीनला तो सापडला. ओढ्याच्या वळणावर कपारीखाली, घोटा मोडलेला, पण जिवंत.

हेलिकॉप्टर तळाच्या मैदानात उतरलं होतं. स्ट्रेचर रेंजरच्या ट्रकमधून तिथे आणलं तेव्हा आर्लीन पळत गेली. हार्लनचे ओठ फुटून काळे पडले होते. त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"महापौरबाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काल संध्याकाळच्या गारव्याला सरपटत निघालो असतो हो. ट्रक काही फार लांब नव्हता. पण म्हटलं कशाला? आर्लीन संध्याकाळी सहाला फेरी मारते. एकोणीस रिकामी दिसली की माणसं पाठवणार. म्हणून जागचा हललो नाही. रात्रभर कान लावून होतो."

डेल्बर्टनं दुसरीकडे मान वळवली. चिठ्ठीचं तो काही सांगणार नव्हता.

"हार्लन," ती म्हणाली, "तुमची चिठ्ठी मी सकाळीच काढून टाकली होती. तुम्ही गेलात असं समजले. सहाला तुमच्या जागेत दुसरी माणसं होती. मी कोणाला पाठवलंच नाही."

हार्लननं आपला हात सोडवून घेतला आणि स्ट्रेचरपलीकडे उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरमधल्या नर्सकडे पाणी मागितलं.