मलकापूरची धून आणि आमचे चाचा

नवी धून कानावर पडली की चाचा हेडफोन एका कानावरून सरकवून विचारत, "कुणाचं हाय हे?" नाव कळल्याशिवाय ते पुढच्या कामाला हात लावत नसत.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात ते आवाजाचं काम बघायचे. वय साठीच्या पुढं, कान मात्र विशीतले. लग्नाच्या फिल्मला गाजलेलं गाणं लावा म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. मग कुठल्या तरी अनोळखी कलाकाराची धून शोधून काढायची, त्याला फोन करून परवानगी घ्यायची आणि शेवटी त्याचं नाव टाकायचं. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "नावाला जागा लागती किती?"

एकदा एका गूळ-व्यापाऱ्याच्या जाहिरातीचं काम आलं. चाचांनीच त्याला एक धून ऐकवली. आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापुरात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी ती बेंजोवर वाजवली होती. बेंजो म्हणजे आपल्याकडं मिरवणुकीत कानठळ्या बसवणारं वाद्य, तुम्हीही ऐकलं असेल. या बाई तो इतका हळू वाजवत होत्या, की दोन सुरांमधली शांतताही ऐकू यावी. व्यापाऱ्याला धून फार आवडली. "इंटरनेटवर पडल्याली हाय. घ्या की."

"म्हस रस्त्याकडंला बांधल्याली असती," चाचा शांतपणे म्हणाले. "म्हणून कुणीबी धार काढायची व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं मलकापूरला गेले आणि संध्याकाळी हसतच परत आले. बाईंनी साफ नकार दिला होता. धून अजून पुरी झालेली नाही आणि ती जाहिरातीसाठी केलेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वैतागलो. गिऱ्हाईक मोठं होतं. जरा समजावून बघायचं होतं, असं मी बोलून गेलो.

"त्यास्नी न्हाय म्हणता येत नसंल, तर त्यांच्या व्हयला काय अर्थ हाय?"

मी फोन उचलून व्यापाऱ्याला नकार कळवला.

व्यापारी दुसरीकडं गेला. महिन्याभरात त्याची जाहिरात इंटरनेटवर झळकली, आणि तिला तीच धून. चाचांनी बाईंना बोलावून घेतलं, त्यांच्या मोबाईलमधली पहिली रेकॉर्डिंगं तारखांसकट काढली आणि तक्रारअर्ज मला लिहायला लावला. मी भीत भीतच लिहिला. बाईंनी मात्र एका झटक्यात सही केली. आठवड्यात जाहिरात उतरली. व्यापारी पुन्हा आमची पायरी चढला नाही.

आता चाचा नाहीत. त्यांना मी शेवटचं धडधाकट पाहिलं ते पुढच्या वर्षी, बाईंनी धून पुरी करून कोल्हापुरात एका लहानशा सभागृहात वाजवली तेव्हा. पुरी झालेली धून आपण स्वतः प्रसिद्ध करेपर्यंत कुणी रेकॉर्ड करू नये, एवढीच बाईंची विनंती होती. तरी पहिल्या सुरालाच मोबाईल वर झाले. चाचा उठले. कुणाच्या आड येऊ नये म्हणून वाकून ते एकेका रांगेतून फिरले आणि तळहातानं एकेक मोबाईल हळूच खाली करत गेले. कुणी रागावलं नाही.

शेवटचा मोबाईल माझा होता. चाचा माझ्या हातावर हात ठेवून शेजारी बसले, आणि धून संपेपर्यंत तो त्यांनी काढला नाही.