बापू मास्तरांचा बंद डोंगर

बापू मास्तर गेल्याचं मला कराडच्या कचेरीत कळलं. गावचा एक माणूस दाखल्यासाठी आला होता. दाखला हातात पडल्यावर जाता जाता तो म्हणाला, "तुमास्नी कळलंच आसंल, मास्तर गेलं." मला कळलं नव्हतं. मी पुढच्या कागदावर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत थांबलो, आणि मग आपण काय ऐकलं ते डोक्यात शिरलं. त्याला आता महिना होत आला. तरी बसलं की उठावंसं वाटतं, आणि उठलं की कुठं जायचं ते कळत नाही. भेटेल तो म्हणतो, मास्तरांचं वय झालं होतं, हिंडतेफिरते गेले, मरणाचं सोनं झालं. कसलं सोनं? काम अर्धं टाकून गेले ते, आणि ते अर्धं राहिलं माझ्यामुळे.

आमचं गाव कुंडलच्या बाजूला, तेव्हा औंध संस्थानात. राजानं आपण होऊन कारभार गावांच्या हाती दिला आणि आमच्याकडे पंच निवडून आले. शाळेच्या नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले बापू मास्तर सरपंच झाले, मी चिटणीस. कारभार कसा करायचा हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांना मात्र गुरू सापडला होता. सांगलीच्या बाजारात रद्दीवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. परवाच्या लढाईत अमेरिकेचा जो अध्यक्ष होता, त्याच्याच आडनावाच्या पण चाळीस वर्षं आधी होऊन गेलेल्या दुसऱ्या अध्यक्षाची ती हकिगत. चष्मा, जाड मिशा, बोलताना मूठ आपटायची सवय. मास्तर चावडीत त्याच्या गोष्टी सांगायचे. गावानं त्याचं नाव 'मिशाळ पाटील' ठेवलं आणि जणू तो शेजारच्या गावचा असावा तसं त्याच्याबद्दल बोलायला लागलं.

रेल्वेच्या बड्या मालकांनी एकत्र येऊन मक्तेदारी केली, ती या मिशाळानं त्यांना कोर्टात खेचून मोडली. मांसाच्या कारखान्यांत घाण आढळली, तेव्हा तिथं सरकारी तपासनीस बसवले. पण गावाला आवडायची ती कोळशाच्या संपाची गोष्ट. हिवाळा तोंडावर, खाणी बंद, गोरगरीब गारठणार. खाणमालक कामगारांशी बोलायला तयार नव्हते. अध्यक्षानं दोघांना आपल्यासमोर एका खोलीत बसवलं. तरीही मालक ऐकेनात, तेव्हा लष्कर घालून खाणी चालवीन म्हणाला, आणि तोड निघाली. मास्तर ही गोष्ट सांगताना उठून उभे राहायचे. त्यांचं म्हणणं असं की कायद्यानं जे करू नको म्हटलेलं नाही, ते लोकांच्या भल्यासाठी करायचा सरकारला हक्क आहे. नव्हे, ते कामच आहे. मी म्हणायचो, मास्तर, भलं कशात ते ठरवणार कोण? ते म्हणायचे, "तू कारकून तो कारकूनच राहनार गड्या." आणि खरं सांगतो, मला राग यायचा. अजूनही येतो.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी लाकडाच्या कोळशावर चालायला लागल्या आणि लाकडाला सोन्याचा भाव आला. आमच्या गावामागच्या डोंगरावर एका ठेकेदाराची नजर गेली. नव्या पंचांची निवडणूक आठ दिवसांवर होती आणि येणारे पंच ठेका देणार, हे उघड होतं. मास्तरांची झोप उडाली. मग त्यांना मिशाळाची आणखी एक गोष्ट आठवली. जंगल राखायचा त्याचा अधिकार तिथली संसद काढून घ्यायला निघाली, तेव्हा त्या कायद्यावर सही करायच्या आधी हातात जे थोडे दिवस होते, तेवढ्यात त्यानं लाखो एकर रान राखीव करून टाकलं आणि मग शांतपणे सही केली. मास्तरांनी तेच केलं. डोंगर कायमचा बंद. कुऱ्हाडीला बंद, आणि एकाला सूट दिली असं कुणी बोट ठेवू नये म्हणून चराईलाही बंद. ठरावाला पाचही पंच हवे होते. आले चार. पाचवा धनगरवाड्याचा म्हाकू, तो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. दरसाल तो ज्येष्ठात परतायचा आणि पावसाळाभर त्याची मेंढरं याच डोंगरावर चरायची.

मी लेखणी थांबवली. मास्तर म्हणाले, "म्हाकू आपलाच मानूस हाय. त्यो काय न्हाई म्हननार हाय व्हय?" मग मी लिहिलं: सर्व पंच हजर, ठराव सर्वानुमते मंजूर. अक्षर माझं, खाली सही माझी. निवडणुकीत सरपंच पुन्हा मास्तरच झाले; नव्या पंचांना सर्वानुमते झालेला ठराव मोडता येईना आणि ठेकेदार हात हलवत सांगलीला परत गेला. आम्ही त्या दिवशी किती खूश होतो, ते आठवलं की आज अंगावर काटा येतो.

ज्येष्ठात म्हाकू आला. डोंगराच्या पायथ्याला काटेरी कुंपण घातलेलं पाहून तो मेंढरं तिथंच सोडून चावडीत आला. ओरडला नाही. मास्तरांसमोर उकिडवा बसून म्हणाला, "मास्तर, त्या मिशाळ पाटलानं मालकास्नी आन् खानीतल्या गड्यास्नी एका खोलीत बशिवलं, ही गोष्ट तुमीच सांगितली न्हवं? लय ग्वाड लागली हुती. मंग आमाला का न्हाई बशिवलं?"

झाडं वाढू द्या, दोन वर्षं कळ काढा, असलं काहीतरी मास्तर बोलले. झाडं वाढली, विहिरींना पाणी टिकलं, हे खोटं नाही. पण त्या दोन वर्षांत म्हाकूनं अर्धी मेंढरं विकली आणि त्याचा थोरला लेक रोजगाराला मिरजेकडे निघून गेला. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी खालचा अर्धा डोंगर पावसाळ्यापुरता उघडला... पण नुसता तोंडी. नवा ठराव लिहायचा तर सर्वानुमते केलेला जुना का बदलतोय ते सांगावं लागलं असतं, म्हणजे तो खोटा होता हे लिहावं लागलं असतं. ते लाजले, आणि मी तर मान वर केली नाही.

मात्र त्या दिवसापासून मास्तरांनी एक खोड लावून घेतली. बैठकीला सुरुवात व्हायच्या आधी ते एक घोंगडी घडी करून भिंतीशी ठेवायचे. जो आलेला नाही, ही त्याची जागा. ठराव लिहायच्या आधी त्या घोंगडीकडे बघून विचारायचे, "ह्यांचं काय म्हननं पडलं?" पोरंटोरं हसायची. मीही हसलोय.

मग संस्थान विलीन झालं. पंचायतीची दप्तरं साताऱ्याला गेली आणि मला कराडला कारकुनाची नोकरी मिळाली. नव्या सरकारनं कागद वाचला. अख्ख्या गावानं आपखुशीनं डोंगर कायमचा बंद केलाय म्हटल्यावर त्यांनी तो तसाच राखीव ठेवला आणि राखणदार नेमला. तोंडी शब्दाला कोण विचारतो? मास्तर दर सोमवारी पहाटेच्या मोटारीनं साताऱ्याला जायला लागले. तिथं त्यांना एकच सांगत: ठराव चुकीचा होता असं लिहिणाऱ्यानं लिहून द्यावं, मग बघू.

शेवटचे भेटले ते कराडच्या मोटारस्टँडवर. धोतर धुळीनं भरलेलं, काखेत अर्ज. म्हणाले, "आण्णा, सही तेवढी दे. ज्येष्ठाच्या आत व्हायला पायजे." मी म्हणालो, बघतो. खोटी नोंद केली असं सरकारी नोकरानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मोटारीत चढले. त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले.

तेराव्याला गावी गेलो. मास्तरांची खोली माणसांनी भरली होती. सांगलीचे एक पाहुणे जागा शोधत भिंतीशी गेले आणि मास्तरांनी चावडीतून घरी आणून ठेवलेल्या त्या घडी केलेल्या घोंगडीवर टेकणार, तोच मी म्हणालो, "तिथं नको." मास्तरांच्या उतरत्या मेजावर तो अर्ज तसाच होता. त्यांनी माझं नाव लिहून पुढे जागा सोडली होती. मी तिथंच बसलो आणि लिहिलं: त्या दिवशी म्हाकू धनगर हजर नव्हता, त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे ठाऊक असून मी खोटं लिहिलं. सही केली. अक्षर वाईट आलं.

येत्या सोमवारी साताऱ्याला निघालोय. नोकरीचं व्हायचं ते होवो. घोंगडी हलवू नका असं मास्तरांच्या सुनेला सांगून ठेवलंय. ज्येष्ठाला अजून महिना आहे आणि म्हाकू कुठल्या घाटात असेल कुणास ठाऊक. तो येईल, दाराशी वहाणा काढील आणि आत डोकावून मास्तर हायती का म्हणून विचारील. तो डोंगरावर नव्हता तेव्हा आम्ही डोंगर बंद केला, आणि मास्तर गेले तेही त्याच्या माघारीच. एवढं तरी त्याला मी स्वतः सांगायचं ठरवलंय.