भुलाबाईच्या डब्यातली ब्राउनी

माझी मुलगी नववीत गेली आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी तिला मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढून टाकलं. कारण विचारू नका, मलाही सांगितलं नाही. शाळा प्रायव्हेट. मैत्रिणी कोणी सौसरच्या, कोणी लोधीखेड्याच्या, बस गेली की संपलं. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत तिची एकही मैत्रीण नाही, आणि जन्मली याच गल्लीत! सुट्टीच्या दिवशी दार लावून बसायची. जेव म्हटलं की "भूक नाही." मला तर धडकीच भरली होती.

मी स्वतः बोरगावला सरकारी शाळेत शिकवते. दुसऱ्यांच्या पोरी माझ्या वर्गात आणि माझी प्रायव्हेटात. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण मला समजतं ना!

भाद्रपदाच्या पुनवेपासून गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत रोज एकेका घरी जातात. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि आतली खिरापत पोरींनी ओळखायची. गोड की तिखट, लाडू की चिवडा, असं चालतं. नाहीच ओळखलं तर "हरलो" म्हणायचं, मग खाऊ वाटतात. शेजारी कपडे शिवणाऱ्या बाईंची मुलगी यात सगळ्यांच्या पुढे. तीही नववीतच, पण सरकारी शाळेत. डबा हलला की एका झटक्यात ओळखणार. उन्हाळ्यात तिनं आपणहून माझ्या मुलीच्या हातावर मेंदी काढून दिली होती. मी मनात म्हटलं, हिच्याशी जमलं तर माझी पोरगी वाचली.

मी सगळ्यांना घरी बोलावलं. मुलगी म्हणाली, "आई, साधा मुरमुऱ्याचा चिवडा कर."

"गप बस," मी म्हटलं. "पोरी पहिल्यांदा येऊन राहिल्या, काहीतरी चांगलं नको?" आणि मोबाइलवर बघून कुकरमध्ये ब्राउनी केली. हौस बघा माझी!

गाणी झकास झाली. मग मी डबा हलवला. बर्फी? नाही. शिरा? नाही. अनारसे? नाही. पोरींनी माहीत होती ती सगळ्या पदार्थांची नावं घेतली आणि मी आपली हसून हसून "नाही" म्हणत राहिले. शेजारची मुलगी हळूहळू लाल होत गेली. शेवटी खाली बघून म्हणाली, "हरलो, काकू." झाकण काढलं तर दोघीतिघींना नावही माहीत नव्हतं. अर्धी अर्धी खाऊन त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या घरी गाणी होती. माझी मुलगी तयार होऊन दारात उभी, पण हाक कोणी मारली नाही. माझं डोकं सणकलं. मी फाटकातूनच शेजारच्या मुलीला विचारलं, "काऊन गं, हिला नाही बोलावलं?"

ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुमच्या घरचं आमले ओळखता नाही आलं. आमच्या घरचं हिले ओळखता येईन का? मंग उगाच काऊन बोलवाचं?"

त्या पोरीचं काय चुकलं होतं? शरम वाटली मला, सरळ सांगते.

तेवढ्यात माझी मुलगी मला बाजूला सारून पुढे गेली. म्हणाली, "मला गाणी नाही येत. नुसती मागं उभी राहिली तर चालते का?"

शेजारच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उभी राय," म्हणाली.

समोरच्या अंगणात गाणी सुरू झाली. मी फाटकाशीच थांबले. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, माझी चौदा वर्षांची पोर शब्द येत नसतानाही नुसते ओठ हलवत होती.