जिमखान्याची सही

जून आला की कुमुद मॅडमचा चेहरा उतरायचा. कॉलेजात प्रवेशांची गर्दी असायची, आम्ही सगळे फॉर्मांच्या ढिगाऱ्यात बुडालेले असायचो, आणि मॅडम जिमखान्याच्या पायरीवर वही उघडून कोण राहिलं, कोण गेलं ते जुळवत बसायच्या. मुलींच्या बास्केटबॉल संघात बारा जणी लागतात. त्यातल्या चार-पाच दरवर्षी गळायच्या. कुणाची पदवी पुरी व्हायची, कुणाचं लग्न ठरायचं, कुणी उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामात कामाला लागायची. त्याचं मॅडमना काही वाटत नसे. त्यांना लागायचं ते चांगल्या खेळणाऱ्या एक-दोघींचं जाणं. अशा मुलींना मुंबईचं एखादं मोठं कॉलेज उचलून न्यायचं.

"स्वानंद सर," त्या मला म्हणायच्या, "दोन वर्षं मी नुसता हात सरळ करायला शिकवते हो. हात सरळ झाला की पोरगी गेली."

मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या खिडकीतून कोर्ट दिसतं, त्यामुळे त्यांची पंचवीस वर्षं मी जवळून पाहिली. कुमुद घरत मूळच्या उरणकडच्या. अंगकाठी बारीक, आवाज मात्र स्टेशनपर्यंत जावा असा. यजमानांना जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा पुण्यात. पनवेलच्या घरात त्या एकट्या असतात. सकाळी सहाला कोर्टावर, संध्याकाळी साडेसातला घरी, असा त्यांचा दिवस.

मुलींचं कॉलेज सोडून जाणं त्यांच्या हातात नव्हतं असं मात्र नाही. दुसरीकडे प्रवेश घ्यायचा तर आधीच्या कॉलेजचा दाखला लागतो, आणि दाखल्याआधी एक 'ना देय' फॉर्म भरावा लागतो. त्यावर ग्रंथालयाची सही माझी आणि जिमखान्याची सही त्यांची. पुस्तक, बूट, जर्सी काही अडकलेलं नाही, एवढंच त्या सहीनं सांगायचं. दोन सह्या एकाखाली एक असतात.

सोळा वर्षांपूर्वी कादंबरी नावाची एक मुलगी संघात होती. तशी खेळाडू मॅडमना पुन्हा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला मुंबईहून बोलावणं आलं. तिचा फॉर्म माझ्याकडून सही होऊन जिमखान्यात गेला आणि तिथून परत आलाच नाही. ती रोज चौकशी करायची. "बघते, इथंच कुठे तरी असेल," मॅडम सांगायच्या. तीन आठवडे गेले, तिकडची प्रवेशाची मुदत संपली. मग मॅडमनी तिला नवा फॉर्म दिला, पण आता त्याचा उपयोग नव्हता. कादंबरी आमच्याच कॉलेजात राहिली. तिसऱ्या वर्षी ती रोज वर्गात यायची, पण कोर्टावर एकदाही फिरकली नाही. जाताना कोर्टाच्या बाजूचा रस्तासुद्धा टाळायची.

फॉर्म कुठे असेल याची शंका मला तेव्हाच आली होती. मी विचारलं नाही. सहकारी होत्या, मैत्री होती, आणि खरं सांगायचं तर विद्यापीठाची ढाल त्या वर्षी आमच्या कॉलेजकडे यावी असं मलाही वाटत होतं. ती आली नाही.

त्यानंतर अकरा वर्षांनी माधुरी आली.

तालुक्याच्या शालेय स्पर्धांत आश्रमशाळेचा खो-खो संघ उतरला होता. त्यात एक मुलगी इतरांपेक्षा वीतभर उंच होती. खांबाशी वळताना तिचा पाय घसरतच नव्हता. मॅडम दुसऱ्याच दिवशी तिच्या शाळेत गेल्या. बारावीचे पेपर झाले तसं घर शोधत निघाल्या. घर कोन गावाच्या पुढे, डोंगराच्या कडेला, कातकऱ्यांच्या वाडीवर. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. म्हणून मॅडम भट्टीवरच गेल्या. त्या दिवशी गाडी माझी होती, त्यामुळे मीही सोबत होतो.

माधुरीचा बाप शुक्रा चिखल तुडवत होता. तो थांबला नाही, तुडवता तुडवताच ऐकत होता. मॅडम शहरी मराठी सोडून आपल्या गावाकडच्या बोलीत आल्या.

"तुमची पोर मना कॉलेजला पायजे, दादा. बास्केटबॉल खेलवीन."

"बॉल टाकून काय व्हनार, बाई?"

मला वाटलं, मॅडम आता नोकरीचं, सरकारी कोट्याचं काही सांगतील. बहुतेक प्रशिक्षक सांगतात. त्या म्हणाल्या, "मना ठाव नाय. खोटं नाय सांगनार. पन तीन वर्सं ती शिकंल. मुलींच्या वसतिगृहात जागा मी बगते. आजारी पडली तर मी हाय."

विटा रचणारी चिंगी, माधुरीची आई, तेव्हा उठून जवळ आली. "आनि तिला नाय जमला तर?"

"तर मी सोता परत आनून सोडीन. हितंच."

शुक्रानं त्या दिवशी हो म्हटलं नाही. मॅडम आणखी दोनदा गेल्या. तिसऱ्या खेपेला चिंगीनं माधुरीचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिले. शुक्रा तेव्हाही चिखलातच उभा होता.

पहिलं वर्ष कठीण गेलं. माधुरी पळायची वाऱ्यासारखी, पण चेंडू हातात आला की गोंधळायची. संघातल्या मुली तिच्याशी वाईट वागायच्या नाहीत, नुसत्या बोलायच्या नाहीत. एकदा सराव सोडून ती वसतिगृहात जाऊन बसली. मॅडम गेल्या आणि तिच्या कॉटवर शेजारी बसून राहिल्या. तासाभरानं माधुरीनं विचारलं, "मॅडम, घरी सोडनार?"

"सोडीन. तसं कबूल केलंय. बॅग भर, मी रिक्षा बोलावते."

माधुरीनं बॅग भरली. रिक्षा आली. ती पायरीपर्यंत गेली आणि म्हणाली, "उद्या जाऊ." तो उद्या पुढे आला नाही.

दुसऱ्या वर्षी रेवा नावाची शेवटच्या वर्षातली मुलगी संघाची कप्तान होती. चेंडू कुणाला कधी द्यायचा हे तिला बरोबर कळायचं. तिनं द्यायचं आणि माधुरीनं डावीकडून शिरून टाकायचं, असं त्या दोघींचं जमून गेलं. किती तरी वर्षांनी आमचा संघ विभागाच्या अंतिम सामन्यात पोचला. हरला, पण चार गुणांनीच. त्या सामन्याला मुंबईच्या एका नामांकित कॉलेजचे प्रशिक्षक विश्वजीत सर आले होते. सामना संपल्यावर ते सरळ मॅडमकडे आले. वागायला सभ्य माणूस. मागच्या दारानं मुलीशी बोलले नाहीत.

"मॅडम, ही मुलगी आम्हाला द्या. लाकडी कोर्ट आहे, राहणं-जेवण आहे, फिजिओ आहे. राज्याच्या निवड चाचणीपर्यंत मी तिला नेईन."

मॅडम म्हणाल्या, "मुलगी काय जर्सी आहे, द्यायला? तिला विचारा."

त्याच वर्षी जानेवारीत एक गोष्ट घडली. मॅडमची दाढ दुखत होती म्हणून त्या नवीन पनवेलमधल्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे काउंटरवर कादंबरी बसलेली. तिनं हसून ओळख दिली, नंबर लवकर लावला. बोलता बोलता म्हणाली, "तेव्हा तो फॉर्म हरवला नसता तर काही तरी वेगळं झालं असतं, नाही का, मॅडम? जाऊ दे. नशीब."

दुसऱ्या दिवशी मॅडम ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर बसल्या.

"हरवला नव्हता, सर. माझ्या खणात होता."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"मग बोलला का नाहीत?"

मी टेबलावरची पुस्तकं उचलून कप्प्यात लावायला उठलो.

आठवड्यानं त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि कादंबरीला सगळं सांगितलं. काय झालं ते मला नंतर कळलं. कादंबरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मान खाली घालून रजिस्टरची पानं सरळ केली. मग पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मॅडम निघून आल्या. माफी मिळाली का, असं मी विचारलं. "मागितलीच नाही," त्या म्हणाल्या. "कुठल्या तोंडानं मागू?"

जूनमध्ये वही उघडली तेव्हा बारापैकी सातच नावं उरली होती. रेवाची पदवी झाली होती, आणखी तिघी गेल्या होत्या, आणि माधुरीनं मुंबईला जायचं ठरवलं होतं. त्यात प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. कोर्टाच्या जागेवर नवं परीक्षा भवन बांधायचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे होता.

"यंदा संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, तर मी कोर्ट वाचवू शकतो," प्राचार्य म्हणाले. "आणि ती मुलगी गेली तर संघ जाणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फॉर्म तुमच्याकडेच येणार ना? पंधरा दिवस जाऊ द्या. कामं काय कमी असतात!"

वाईट मनानं ते बोलले नव्हते. कोर्ट राहावं असं त्यांनाही खरंच वाटत होतं.

दोन दिवसांनी माधुरी फॉर्म घेऊन ग्रंथालयात आली. मी तिची पुस्तकं तपासून सही केली. मॅडम तेव्हा वर्तमानपत्र वाचत तिथेच बसल्या होत्या. माधुरी म्हणाली, "मॅडम, जिमखान्यात ठेवू का टेबलावर?"

"टेबलावर नको. इकडे आण."

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. माझ्या सहीखाली त्यांची सही व्हायला दोन क्षण लागले असतील. मग शिक्का आणायला स्वतः जिमखान्यात गेल्या, मारून आणला आणि फॉर्म माधुरीच्या हातात देत म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता ऑफिसात दे. थांबू नकोस." माधुरी पाया पडायला वाकली तर त्या रागावल्या, "पळ म्हटलं ना!"

ती गेल्यावर त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. बराच वेळ एकही पान उलटलं नाही.

त्या वर्षी मॅडमनी तालुकाभर फिरून दोन मुली आणल्या. एक हँडबॉलची, एक लांब उडीची. नऊ जणींचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरला आणि दुसऱ्याच फेरीत विश्वजीत सरांच्या कॉलेजशी गाठ पडली. चिंगीला माधुरी सहा महिन्यांत दिसली नव्हती, म्हणून मॅडमनी तिला संघासाठी ठरवलेल्या एका जीपमध्ये बसवून मुंबईला आणलं. चमकणाऱ्या लाकडी फरशीच्या कडेला चिंगी चपला हातात घेऊन उभी राहिली. मी बसा म्हटलं तरी बसेना.

माधुरी राखीव खेळाडूंत होती. तिसऱ्या सत्रापर्यंत तिला उतरवलंच नाही. चिंगी मला विचारत राहिली, "तिला काय सिक्षा केलीय का?" शेवटच्या आठ मिनिटांत ती उतरली. पहिल्याच चेंडूवर डावीकडून शिरली आणि बास्केट झाली. चिंगीनं तोंडावर पदर धरला. तेवढ्यात बाजूनं मॅडमचा आवाज आला.

"डावी बाजू अडवा तिची! उजवीकडे ढकला, तिला तिथून येत नाही!"

आमच्या मुलींनी अडवलं. माधुरी उजवीकडे गेली, अडखळली आणि चेंडू गेला. पुढच्या खेपेला तेच. विश्वजीत सरांनी तिला परत बाहेर बसवलं. सामना आम्ही सदतीस गुणांनी हरलो.

संपल्यावर माधुरी आईला भेटली आणि मग मॅडमसमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

"तुमी सांगितलंत त्यांना."

"सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "त्या नऊ जणी माझ्या आहेत. आणि उद्या दुसरा प्रशिक्षकही सांगेल, त्याला दिसायला दोन सामने लागतील एवढंच. उजवा हात दोन वर्षांत मी तुला नीट शिकवला नाही, ती चूक माझी. आता तिथे शिकून घे."

निघताना चिंगीसाठी घेतलेली नवी साडी माधुरीनं मॅडमकडे दिली आणि म्हणाली, "जीपमध्ये तिला पुडं बसवा. मागं तिला मळमळतं." एवढंच.

त्या वर्षअखेरीस कोर्ट गेलं. पत्रे लागले, खांब उपटले गेले. मॅडम शेवटच्या दिवशी तिथे उभ्या होत्या, कंत्राटदाराला बास्केटचे बोर्ड नीट काढायला सांगत होत्या. ते दोन्ही बोर्ड त्यांनी टेम्पोतून माधुरीच्या जुन्या आश्रमशाळेत पाठवले. राज्याच्या निवड चाचणीत माधुरी पहिल्या खेपेला बाहेर पडली, दुसऱ्या खेपेला अठरा जणींत आली, अंतिम बारांत आली नाही. पदवी झाली. आता ती विश्वजीत सरांच्याच कॉलेजात लहान मुलींच्या शिबिरावर साहाय्यक आहे आणि अजून खेळते. शुक्रा आणि चिंगी अजून भट्टीवर जातात.

कुमुद मॅडमच्या निवृत्तीला दहा महिने उरलेत. कॉलेजात कोर्ट नाही, म्हणून सराव नगरपालिकेच्या मैदानावर होतो, तिथे क्रिकेटवाल्यांशी रोज भांडण. परवा त्यांनी मला विचारलं, रविवारी गाडी मोकळी आहे का. उरणच्या बाजूला एका शाळेत एक मुलगी आहे म्हणे, कोळ्यांची, हात लांब आहेत.

"घेतलीत तरी तुम्ही कॉलेजात असेपर्यंत ती तयार व्हायची नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सातला निघू. ऊन व्हायच्या आत पोचलेलं बरं."