हाइलच्या सायलोत गायलेली ओळ

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा गालातल्या गालात हसत. माझा धंदाच तसा आहे. मी बायोमेडिकल इंजिनिअर, मूळचा सांगलीचा. हॉस्पिटलमधली मशिनं दुरुस्त करतो. एखादा व्हेंटिलेटर उगाच अलार्म देतो, बघायला गेलं की गप्प... नर्सेस म्हणतात, सर, याच्यात काहीतरी आहे. असतंच. सैल झालेला कनेक्टर असतो. वीस वर्षांत कारण सापडलं नाही असं मशीन मला भेटलेलं नाही. त्यामुळेच हे लिहायला इतका वेळ लागला.

सध्या आम्ही सौदीतच, थुवालला असतो, समुद्राकाठी. पण हे घडलं हाइलला. सौदीच्या उत्तरेला, गव्हाच्या शेतीचं गाव. तिथली आमची सात वर्षं आठवली की मला आधी शुक्रवारची सकाळ आठवते. रस्ते रिकामे, हवेत बोचरी थंडी, मागे अजाचे गुलाबीसर डोंगर आणि मांडीवर कागदात गुंडाळलेली, अफगाणी भट्टीतली सुपाएवढी गरम तमीस रोटी. ती तोडत तोडत आम्ही शिरीषच्या घरी जायचो, रेकॉर्डिंगला.

शिरीष पुण्याचा. आमच्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण पहिल्या महिन्यातच अरे-तुरेवर आला. कॉलेजात असताना त्याचा हार्ड रॉक बँड होता. आम्ही हाइलला गेलो त्या वर्षी दिवाळीला त्यानं गिटार काढली आणि तो गायला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरणार नाही. खालून खरखरत यायचा आणि एका जागी अचानक मोकळा व्हायचा, उंच, स्वच्छ. वर जायच्या आधी तो नाकानं एक छोटा श्वास ओढायचा. तो श्वास ऐकू आला की आम्ही सगळे सावरून बसायचो.

तीन वर्षांनी त्याच्या थायरॉइडला गाठ निघाली. पुण्याला जाऊन ऑपरेशन केलं. गाठ साधी होती, सगळं सुरळीत झालं, फक्त वरच्या पट्टीची नस दुखावली. असं होऊ शकतं, यात कोणाची चूक नसते — हे मला त्यानंच समजावून सांगितलं. बोलताना काही कळायचं नाही. गाताना मात्र एका उंचीनंतर आवाजाची नुसती हवा व्हायची.

दोन वर्षं त्यानं गिटारला हात लावला नाही. मग एका हिवाळ्यात त्यानं मला फोनवर लिहिलेलं काहीतरी वाचून दाखवलं. अल्बम होता. बेचाळीस मिनिटांचं एकच गाणं, सात भागांचं, नाव 'विहीर'. एक माणूस विहीर खणायला खाली उतरतो आणि वरचे लोक त्याला विसरून निघून जातात, अशी गोष्ट. मराठीत, हार्ड रॉक, सौदीत बसून. मी म्हटलं, वेडा आहेस. तो म्हणाला, हो, आणि रेकॉर्डिंग तू करायचंस.

त्याच्या अंगणात एक सुटी खोली होती — इथे तिला मुल्हक म्हणतात. भिंतींना गाद्या आणि ब्लँकेटं ठोकून आम्ही तिचा स्टुडिओ केला. ड्रम्सवर जोएल, डायलिसिस विभागातला फिलिपिनो टेक्निशियन, कामावर अतिशय मऊ बोलणारा आणि ड्रम्सवर बसला की भिंतीचा गिलावा पाडणारा. बेस गिटारवर माझी बायको मंजिरी. ती फिजिओथेरपिस्ट. अडतिसाव्या वर्षी इंटरनेटवर बघून बेस शिकली, बोटांना फोड येईपर्यंत. काम संथ चाललं होतं, तेवढ्यात जोएलनं सांगितलं की त्याचं काँट्रॅक्ट संपतंय. तीन महिन्यांनी फायनल एक्झिट, कायमचा परत मायदेशी. म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी.

अडलं होतं ते सहाव्या भागात. खाली अडकलेला माणूस वर हाक मारतो, "दोर सोडा, मी अजून आहे." ही ओळ शिरीषनं सवयीनं जुन्या पट्टीत बांधली होती. बाकीचं सगळं तो आताच्या खालच्या आवाजात गायला, छान गायला, पण ही ओळ खाली आणली की तिच्यात जीव राहत नव्हता. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे, तिथे गिटार वाजवू, शब्द नकोत. अगदी सहज म्हणाला. मग त्या दिवशी त्यानं एकच केबल तीनदा गुंडाळली.

मात्र विहिरीचा घुमारा त्याला खरा हवा होता, कॉम्प्युटरमधला नको. हाइलपासून तासाभरावर एका शेतमालकाच्या आईला शिरीषनं ऑपरेशनच्या वेळी भूल दिली होती. त्या माणसाच्या शेतावर धान्य साठवायचा जुना सायलो होता — नालीदार पत्र्याचा, चार मजली उंच, गोल, कित्येक वर्षं रिकामा. आम्ही बघायला गेलो. शिरीषनं आत उभं राहून एक टाळी वाजवली. ती टाळी वर गेली, फिरली आणि सावकाश विरत विरत खाली आली. तो हसला. गायला नाही, टाळीच वाजवली. हे मी मुद्दाम लिहितोय.

ठरलं असं — गाणं स्पीकरवर सायलोच्या आत मोठ्यानं वाजवायचं, दोन माइक लावून नुसता घुमारा रेकॉर्ड करायचा आणि घरी येऊन मूळ गाण्यात मिसळायचा. त्या शुक्रवारी शिरीषची ड्यूटी लागली. जोएललाही सुट्टी मिळाली नाही. मी आणि मंजिरी दोघंच गेलो. सामान मांडलं, दार लावलं, केबल दाराखालून बाहेर घेतली. थंडी इतकी होती की आम्ही काचा वर करून गाडीत बसलो. शेताचा राखणदार, अम् उस्मान — म्हणजे उस्मानकाका — म्हातारा सुदानी, पत्र्याला पाठ लावून उन्हात बसला होता. बेचाळीस मिनिटांनी मी रेकॉर्डिंग थांबवलं. सामान आवरताना उस्मान मोडक्या हिंदीत म्हणाला, डॉक्टरचा आवाज आज जोरदार, माशाअल्लाह. मला वाटलं, रेकॉर्डवरच्या गाण्याबद्दल बोलतोय. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावून ऐकायला बसलो. पाच भाग उत्तम. सहावा सुरू झाला. गिटारची ती ओळ यायच्या थोडं आधी एक श्वास ऐकू आला. नाकानं ओढलेला, छोटा. आणि मग आवाज आला.

"दोर सोडा, मी अजून आहे." तीन वेळा. वरच्या पट्टीत, मोकळा, कुठेही न फाटता.

मी हेडफोन काढून ठेवले. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. मग मंजिरीला बोलावलं आणि काही न सांगता हेडफोन तिच्या कानाला लावले. ती उभ्यानंच ऐकत होती, मग खुर्चीवर बसली.

"हा ऑपरेशनच्या आधीचा आवाज आहे," ती म्हणाली.

मी माझं नेहमीचं काम केलं. स्पीकरवर वाजवलेली फाइल तपासली — तिथे गिटारच होती, आवाज नव्हता. दोन्ही माइकवर आवाज होता, म्हणजे एका केबलचा दोष नाही. केबलनं रेडिओ पकडला म्हणावं, तर रेडिओवर आमची ओळ कोण गाणार? शिरीषचे जुने व्हिडिओ काढून पाहिले. पण त्यांत ती ओळ असणं शक्यच नव्हतं. शब्द ऑपरेशननंतर दोन वर्षांनी लिहिलेले होते. तो आवाज जेव्हा होता तेव्हा हे शब्द नव्हते, आणि शब्द आले तेव्हा आवाज गेलेला होता.

शिरीषला न सांगणं मला जमलं नसतं. मी ते त्याला ऐकवलं. त्यानं डोळे मिटून एकदाच ऐकलं.

"कुठल्या सॉफ्टवेअरवर केलंस?"

मी म्हटलं, मी काही केलेलं नाही.

"नित्या, आजकाल दहा मिनिटांत कोणाचाही आवाज बनवता येतो. माझे जुने व्हिडिओ तुझ्याकडे आहेत, शब्द तुझ्याकडे आहेत. तू चांगल्या मनानं केलं असशील. पण मला दया नको होती रे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे मुल्हकला कुलूप लावलं आणि घरात निघून गेला. पुढचे तीन शुक्रवार काही झालं नाही. हॉस्पिटलात समोरून आला तरी तो फक्त मान हलवायचा. मला राग येत होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. जोएलनं आपलं सामान बॉक्समध्ये भरायला घेतलं.

शेवटी मंजिरी त्याच्या केबिनमध्ये गेली. काय बोलली ते नीट सांगत नाही. इतकंच म्हणाली असावी की शिरीषदादा, जोएल जायच्या आधी एकदा शेतावर या, नंतर वाटलं तर आयुष्यभर बोलू नका.

आम्ही चौघं गेलो. सगळं तसंच मांडलं, तोच स्पीकर, तेच माइक, तीच फाइल. या वेळी चौघंही पत्र्याला कान लावून उभे होतो. सहावा भाग आला आणि गेला. गिटार घुमली, बाकी काही नाही. मला कोणाकडे बघवेना. शिरीष गाडीकडे वळला.

तेवढ्यात अम् उस्मान किटली घेऊन आला. सगळ्यांना चहा दिला आणि शिरीषला विचारलं की आज गप्प का, त्या दिवशी तर आत किती गात होतास.

शिरीषनं विचारलं, कोणत्या दिवशी? उस्माननं माझ्याकडे आणि मंजिरीकडे बोट दाखवलं — हे दोघं आले होते तेव्हा. मी इथे बसलो होतो आणि तू आत होतास.

"मी हॉस्पिटलात होतो," शिरीष म्हणाला.

उस्माननं खांदे उडवले. मग किटली खाली ठेवली आणि आपल्या चिरक्या आवाजात गाऊन दाखवलं. "दोर सोरा... मी अजू नाहे." अर्थ कळत नसलेले शब्द, लहान मुलानं गिरवावेत तसे, पण चाल बरोबर होती. वरची पट्टी. त्याला रेकॉर्डिंग आम्ही कधीच ऐकवलं नव्हतं. फाइलमध्ये ती ओळ नव्हती. मराठीचा तर त्याला गंधही नव्हता.

शिरीष तिथेच सायलोच्या पायरीवर बसला. चहाचा कप त्याच्या हातात तसाच होता. तो मला म्हणाला, "सॉरी." मग उठून एकटाच आत गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे होतो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, बोलणं नाही, गाणं नाही. जोएल पुटपुटत प्रार्थना करत होता. पंधरा-वीस मिनिटांनी शिरीष बाहेर आला, डोळे लाल, कपड्यांवर गव्हाची जुनी धूळ.

"माइक चालू कर," तो म्हणाला. "मी खालची पट्टी गातो."

त्या दिवशी तो आत उभं राहून ती ओळ त्याच्या आत्ताच्या आवाजात गायला, तीन वेळा. घरी येऊन मी दोन्ही एकावर एक ठेवलं. काहीही सरकवावं लागलं नाही. जिथे वरचा आवाज थांबतो, तिथेच खालचा थांबतो.

जोएल जायच्या चार दिवस आधी 'विहीर' पूर्ण झाला. विमानतळावर त्यानं आम्हा प्रत्येकाला तुटलेली एकेक ड्रमस्टिक दिली आणि गेला. अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला. ऐकणारे मोजकेच, बहुतेक ओळखीतले. सहाव्या भागात दोन आवाज आहेत, पण ते कोणाचे हे आम्ही कुठेच लिहिलेलं नाही. वर्षभरानं मला इकडे नोकरी मिळाली. शिरीष अजून हाइललाच आहे. शुक्रवारी सकाळी फोन होतो.

वाचकांपैकी कोणी ध्वनिशास्त्रातला असेल तर सांगतो, मी एका प्राध्यापकांना रेकॉर्डिंग पाठवलं होतं. पत्र्याच्या गोल भांड्यात गिटारचा सूर माणसाच्या आवाजासारखा भासू शकतो, असं ते म्हणाले. सूर भासेल. शब्द कसे भासतील, आणि तो श्वास? भूत म्हणावं, तर कोणी मेलेलं नाही. ज्याचा आवाज, तो माणूस त्या वेळी साठ किलोमीटरवर एका बाईला सिझेरियनसाठी भूल देत होता. माझ्याकडे याचं कारण नाही. दुरुस्तीच्या फॉर्मवर मी आयुष्यात पहिल्यांदा कारणाची जागा कोरी सोडतोय.

गेल्या सुट्टीत आम्ही हाइलला गेलो होतो. शिरीष गाडी चालवत होता, मागे आमच्या शेजारी त्याची मुलगी ईरा. सहा वर्षांची, म्हणजे ऑपरेशन झालं तेव्हा पाळण्यातली. तिनं अल्बम लावायला सांगितला. सहावा भाग सुरू झाला, दोन्ही आवाज आले. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"बाबा, नीचेवाला तो आप हो," ती म्हणाली. "हू इज द अंकल ऑन टॉप?"

शिरीषनं आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"आधी इथे राहायचा," तो म्हणाला.

तिला ते पटलं. कॉलनीत तसे पुष्कळ अंकल होते, आधी राहायचे आणि मग गेले. तिनं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं, आणि शिरीषनं लावलं.