आईनं नेलेलं वऱ्हाड

आईला रायपुरातल्या शंकर नगरच्या डे-केअरमध्ये ठेवून पंधरवडाही झाला नव्हता, तोच तिनं ते अख्खं डे-केअर उठवून लग्नाला नेलं.

डे-केअर म्हणजे विसरण्याच्या आजारातल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं घर. आईला स्वतःचं घर आठवत नसे, माझं नाव तर नाहीच. पण एके काळी ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या जुन्या वस्तीतल्या, कुठल्याही लग्नात तिच्या हुकमाशिवाय पंगत बसत नसे. त्या दुपारी शेजारच्या मंगल भवनातून फोडणीचा वास आला आणि बाईसाहेब उठल्या.

मी नव्या रायपूरच्या ऑफिसात होतो. डे-केअरच्या दीदीचा फोन आला.

"भैया, आंटीजी सबको लेकर बगल की शादी में आ गई हैं."

"और आप कहाँ हैं?"

"मैं भी यहीं हूँ. उन्होंने डाँटा, बोलीं हाथ धोकर लाइन में बैठो."

(पगार हिला आम्ही देत होतो.)

धापा टाकत पोचलो, तर दारातल्या माणसानं अडवलं. "किस तरफ से हैं?"

"मेरी माँ अंदर है."

त्यानं माझा घामेजलेला शर्ट पाहिला. "सबकी माँ अंदर है."

कसाबसा आत शिरलो. एकेका घासासाठी ज्यांची मनधरणी करावी लागे, ते सगळे म्हातारे ओळीनं बसून दुसरी जिलबी मागत होते. मधोमध आई, पदर खोचलेली. मुलीकडचे तिला मुलाकडची समजत होते, मुलाकडचे मुलीकडची. आचारी तिला विचारून मीठ टाकत होता!

मुलीच्या वडिलांपुढे मी हात जोडले. "माफ करा काकाजी, आईला काही आठवत नाही."

"काहून माफी मागून राहिले? आमचे व्याही सकाळपासून रुसून बसले होते. कोणाचं ऐकत नव्हते. तुमच्या आईनं एकदा दटावलं, गुमान पानावर येऊन बसले."

माझी छाती फुगली. "माझी आई आहे ती," हे मी न विचारणाऱ्यांनाही सांगत सुटलो आणि त्याच भरात वरणाची बादली उचलून वाढायला लागलो. पहिलाच डाव व्याह्यांच्या नव्या धोतरावर.

आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा पोट्टा कोणाचा आहे? मायनं काही शिकवलं नाही का याले?"

काकाजी माझ्याकडे पाहायला लागले.

"शिकवलं होतं," मी म्हटलं, "मीच विसरलो."