बावखलासाठी एक सही

वसईला आमच्या वाडीत एक बावखल आहे. म्हणजे पणजोबांच्याही आधीपासूनचं गोड्या पाण्याचं तळं. आळीतल्या सगळ्या विहिरी त्याच्याच जिवावर. आसपासची बावखलं भराव टाकून बुजवली, तिथे इमारती उठल्या आणि शेजारच्या विहिरी मचूळ झाल्या. तेव्हा गावातल्या मंडळींनी ट्रस्ट काढला. जमीन ज्याची त्याचीच राहणार, पण ती बुजवायची नाही, बिल्डरला द्यायची नाही. आमचं बावखल आम्हा दोघा भावांच्या नावावर. दादाने लगेच सही केली. माझी राहिली, कारण मी अबुधाबीत. वकिलातीत जाऊन कागदावर शिक्का घ्यायचा आणि पाठवायचा, एवढंच काम.

एवढंच काम मी आठ महिने केलं नाही.

खरं सांगतो, मला ते करायचंच नव्हतं. मुसफ्फातल्या ऑफिसात बसून मी मनातल्या मनात त्या बावखलावर सात मजले चढवले होते. सर्वांत वर माझा फ्लॅट, बाल्कनीसकट. दादाचा फोन आला की म्हणायचो, "अरे, अपॉइंटमेंटच मिळत नाही. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." गल्फमधल्या माणसाचं हे कारण गावाकडे कुणी तपासत नाही. दादाने तर मिस्सामध्ये माझ्यासाठी प्रार्थना सांगितली. माझ्या अपॉइंटमेंटसाठी अख्खं चर्च हात जोडून उभं! तेव्हा मला हसू आलं होतं. आज आठवलं की कानशिलं तापतात.

एका रविवारी आम्ही अल ऐनला खजुराच्या बागा बघायला गेलो. त्याही राखलेल्या, मालक वेगवेगळे, पाणी पाळीपाळीने. पाटातलं पाणी दाखवायला मी हौसेने दादाला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ, वाळवंटातली माणसंसुद्धा पाणी कशी जपतात," तो म्हणाला. "तुझंही काम होईल रे. आम्ही प्रार्थना करतोय."

माझी बारा वर्षांची मुलगी मध्येच डोकावली. "बट पापा, वी वेन्ट टू द एम्बसी फॉर माय पासपोर्ट! देअर वॉज नो क्यू ॲट द पेपर्स काउंटर. यू सेड, खलास, लेट्स गो ईट शवर्मा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. दादाने मला एक शब्द विचारला नाही. तिलाच म्हणाला, "शवर्मा कसा होता गं बाळा?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वकिलातीत गेलो. दहा मिनिटांत शिक्का मिळाला. कागदाचा फोटो पाठवला, खाली 'माफ कर' लिहिलं. दादाचं उत्तर आलं, "मिळाली का अपॉइंटमेंट? बरं झालं. रविवारी मिस्सात आभार मानायला सांगतो."

त्याने खरंच सांगितलं. फादरांनी माझं नाव घेऊन देवाचे आभार मानले. वहिनी नंतर फोनवर म्हणाली, "आमेन सगळ्यांत मोठ्याने तुझ्या दादाचंच होतं."